दहा मोजेपर्यंत

दाढ दुखतेय, हे ज्याला सांगता येतं त्याचं निम्मं काम सांगण्यानंच होतं. घरात कुणीतरी लवंग शोधतं, कुणी मिठाच्या गुळण्या करायला लावतं, सकाळी डॉक्टरांकडे नंबर लागतो. पण बारा वर्षांचा, न बोलणारा एक स्वमग्न मुलगा रात्री-अपरात्री उठून बसायला लागला, स्वतःच्याच जबड्यावर मुठी मारायला लागला, रोजची पोळीभाजी ताटासकट ढकलून द्यायला लागला, तर दाताचा विचार सहसा कुणाच्याच मनात येत नाही. 'बिहेवियर वाढलंय' असं आई थेरपिस्टताईंना सांगते. ताई विचारतात, घरी पाहुणे आले होते का, शाळेची वेळ बदलली का? मानसोपचारतज्ज्ञ गोळीचा डोस थोडा वाढवून बघतात. आठवडे जातात. मग एका सकाळी गाल सुजलेला दिसतो, किंवा कुणीतरी जांभई देताना त्याच्या तोंडात डोकावतं आणि मागची अर्धी दाढ गेलेली असते.

विशेष मुलांच्या पालकांच्या कुठल्याही गटात बसा, या गोष्टीची थोडीफार निराळी आवृत्ती ऐकायला मिळते. दोष कुणा एकाचा नसतो. फिट्स आहेत, बोलणं नाही, चालणं नाही, शाळा मिळत नाही, प्रमाणपत्राचं काम अडलंय, या रांगेत दात शेवटून पहिला. शिवाय दुधाचेच तर आहेत, पडतील, हा समज आहेच. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि साधारण सहाव्या वर्षी त्यांच्या मागून जी दाढ येते ती कायमची असते, हे सुशिक्षित घरांतही ठाऊक नसतं. कुठलाच दात पाडून न घेता ती गुपचूप येते, म्हणून तिचाही दुधाच्या खात्यातच हिशेब होतो.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या दिव्यांगांची संख्या एकोणतीस लाखांवर होती. त्यात सगळ्या वयाची माणसं आली, आणि तेव्हाच्या मोजणीत स्वमग्नतेचा स्वतंत्र रकानाही नव्हता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता यांच्याबरोबर थॅलसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेलही त्यात आले. दाताच्या डॉक्टरांच्या दृष्टीनं ही यादी फार महत्त्वाची आहे, कारण यातल्या प्रत्येक मुलाचं तोंड वेगळ्या कारणानं बिघडतं. खुर्चीत बसल्यावर 'स्पेशल चाइल्ड आहे' एवढंच सांगून भागत नाही.

*

बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा औषधाच्या बाटलीपासून होते. गोळी गिळता न येणाऱ्या मुलाला वर्षानुवर्षं सिरप दिलं जातं. सिरप गोड असतं, दाट असतं, आणि त्यातला एक डोस हमखास झोपताना असतो. झोपेत लाळ कमी होते, दातावरची साखर धुऊन काढायला कुणी नसतं. तीन-चार वर्षं असं चाललं की पटाशीच्या वरच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसतो, मग तो पिवळट होतो, मग तपकिरी. डोसानंतर दोन घोट पाणी, किंवा ओल्या फडक्यानं दात पुसणं, एवढ्यानं बराच फरक पडतो. पण हे प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. साखरविरहित पर्याय असेल तर तो विचारून घ्यावा, हेही कुणी सांगत नाही.

दुसरं कारण जरा अवघड जागेचं आहे. अनेक थेरपींमध्ये मुलानं काम केलं की लगेच बक्षीस द्यायचं असतं. बक्षीस म्हणजे काय, तर चॉकलेटची गोळी, जेम्सचा दाणा, बिस्किटाचा तुकडा. एका सत्रात असे वीस-पंचवीस दाणे सहज जातात. साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती दिवसात कितीदा तोंडात गेली यावर कीड ठरते. प्रत्येक दाण्यानंतर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात, आणि त्यातून सावरायला लाळेला अर्धा तास तरी लागतो. वीस दाणे पाच-पाच मिनिटांनी खाणारं मूल त्या सगळ्या वेळात सावरतच नाही. म्हणजे ज्या खोलीत मूल बसायला, बघायला, मागायला शिकतं त्याच खोलीत त्याच्या दाढांना पोखरण लागते. थेरपिस्टना हे सांगितलं की त्या मनापासून चकित होतात. बुडबुडे, गुदगुल्या, आवडीच्या गाण्याची एक ओळ, चणे, कुरमुरे, असे पर्याय त्यांच्याकडे असतातच. प्रश्न एवढाच की सांगायचं कुणी?

तिसरं, खाणं. ज्या मुलाला चावणं-गिळणं जमत नाही त्याला आठव्या-दहाव्या वर्षीही खिमट, मऊ भात, दुधात बुडवलेलं बिस्किट चालू असतं. स्वमग्न मुलांपैकी कित्येकांचा आहार चार पदार्थांवर येऊन थांबलेला असतो आणि ते चारही मऊ, पिठूळ. काही मुलं घास गालात धरून ठेवतात. जेवण झालं म्हणून आई उठते आणि गालातला गोळा तासभर दाढेला चिकटून राहतो. जेवणानंतर गालातून बोट किंवा ओलं कापड फिरवणं ही साधी गोष्ट, पण चावण्याची प्रतिक्षिप्त क्रिया जोरात असलेल्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलाच्या दातांमध्ये बोट घालायचं नसतं. जबडा मिटला तर तो त्याच्या इच्छेनंही उघडत नाही. त्यासाठी आइस्क्रीमच्या दोन-तीन काड्या एकत्र करून त्यावर गॉज गुंडाळतात आणि मागच्या दाढांमध्ये ठेवतात.

आणि जी मुलं तोंडानं खातच नाहीत, नळीनं खातात, त्यांचं काय? तोंडातून काही जात नाही म्हणजे दात स्वच्छ, असं वाटतं. उलट असतं. त्यांच्या दातांवर कीटण भराभर चढतं, इतकं की दोन दात एकच वाटावेत. चघळण्यानं जी घासणी होते ती नाही, लाळ साचून राहते. आणि ती जंतूंनी भरलेली लाळ श्वासनलिकेत उतरली तर न्यूमोनियाला निमित्त होतं. नळी असलेल्या मुलाला दोन वेळा ब्रश हवाच, पेस्ट अगदी कमी, शक्य असेल तर लाळ ओढणारी नळी शेजारी.

फिट्सच्या औषधांची आणखी एक गोष्ट. फेनिटॉइन हे जुनं, स्वस्त आणि उपयोगी औषध. ते घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या हिरड्या फुगतात. काहींच्या इतक्या की दातांची फक्त टोकं दिसतात. तोंड मिटत नाही, लाळ गळते, लाळेरं दिवसातून सहा वेळा बदलावं लागतं, वास येतो, नातेवाईक मूल उचलून घेईनासे होतात. ब्रश चांगला होत असेल तर हिरड्या कमी वाढतात, हे सिद्ध झालेलं आहे. औषध बदलता येतं, पण ते न्यूरॉलॉजिस्टनी ठरवायचं. हिरड्या दिसल्या म्हणून गोळी घरीच बंद केली तर फिट्सचा झटका आवरता आवरत नाही. सोडियम व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या काही मुलांच्या प्लेटलेट कमी होतात, म्हणून दाढ काढण्याआधी रक्त तपासावं लागतं. औषधांची यादी न विचारता पक्कड हातात घेणारा दंतवैद्य टाळावा, असं मी स्पष्टच लिहितो.

डाउन सिंड्रोमच्या मुलांचं आणखी निराळं. त्यांचे दात उशिरा येतात. पहिला दात कधीकधी दीड-दोन वर्षांनी येतो आणि तोवर आजीनं सगळे नवस बोलून झालेले असतात. काही दात येतच नाहीत, काही लहान, सुळक्यासारखे असतात. यांच्यात कीड तुलनेनं कमी दिसते म्हणून डॉक्टरही 'छान आहेत दात' म्हणून पाठवून देतात. त्यांचा खरा शत्रू हिरड्यांचा आजार. प्रतिकारशक्तीतल्या फरकामुळे तो किशोरवयातच दाताच्या मुळाशी पोचतो आणि विशीत अख्खे, न किडलेले दात हलायला लागतात. यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयात दोष असतो. त्यातल्या काही दोषांत दाढ काढण्याआधी तासभर अँटिबायोटिकचा एक डोस द्यावा लागतो, नाहीतर तोंडातले जंतू रक्तातून हृदयाच्या आतल्या अस्तरावर जाऊन बसतात. हा डोस सगळ्यांना लागत नाही. कुणाला लागतो ते हृदयरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर ठरतं. काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, त्यामुळे खुर्चीत डोकं मागे टाकून 'आ कर' म्हणणंही जपून.

*

आता खुर्चीकडे येऊ. दंतवैद्याची खुर्ची म्हणजे एका बैठकीत पाचही इंद्रियांवर चाल. डोळ्यांवर प्रखर दिवा, कानात ड्रिलची शिट्टी, नाकात क्लोव्ह ऑइल आणि सॅनिटायझर, जिभेवर रबराच्या ग्लोव्हजची चव, आणि पाठीखालची गादी अचानक मागे सरकते. तुम्हा-आम्हालाही ते नकोसं वाटतं. ज्या मुलाला शर्टाचं लेबल टोचतं, मिक्सरचा आवाज ऐकून जे कानांवर हात घेतं, त्याला ते किती वाटत असेल याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

यावरचे उपाय नवे नाहीत. मुलांच्या दंतवैद्यकात 'आधी सांगा, मग दाखवा, मग करा' ही पद्धत १९५९ साली अमेरिकेतल्या अ‍ॅडल्स्टन यांनी मांडली आणि आजही बीडीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती परीक्षेला असते. विशेष मुलांसाठी तिचेच तुकडे आणखी बारीक करायचे असतात. पहिल्या भेटीत फक्त दारातून आत येऊन परत जायचं. दुसऱ्या भेटीत खुर्चीला हात लावायचा. मग बसायचं, खुर्ची न हलवता. मग आरसा हातात घ्यायचा. मग एक दात मोजायचा. इस्रायलमध्ये दिवे मंद करून, संथ संगीत लावून, मुलाला अंगाभोवती हलका दाब देणाऱ्या आवरणात बसवून उपचार करून पाहिले, तर मुलं लक्षणीयरीत्या शांत राहिली. आपल्याकडे एवढी सोय नसली तरी डोक्यावरचा दिवा विझवून कपाळावरचा लहान टॉर्च वापरता येतो, काळा गॉगल देता येतो, शेवटचा नंबर देऊन रिकाम्या क्लिनिकमध्ये बोलावता येतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला पूर्ण आडवं न करता अर्धवट बसतं ठेवायचं, गुडघ्यांखाली उशी द्यायची. त्यानं ताठरपणा कमी होतो आणि पाणी घशात उतरत नाही. कित्येकदा मूल व्हीलचेअरमध्येच राहिलेलं बरं, डॉक्टरांनी उभं राहावं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त पटलेली युक्ती दहा अंकांची आहे. डॉक्टर आधी सांगतात, मी दहा मोजेन आणि थांबेन. मग मोठ्यानं, एका लयीत मोजतात. दहा म्हटलं की हात बाहेर, दात अर्धा राहिलेला असला तरी. पुन्हा दहा. शेवट कुठे आहे हे कळलं की मूल पुष्कळ सोसतं. इथे फसवणूक करायची नाही. 'झालंच, झालंच' म्हणत वीसपर्यंत नेलं की तो डॉक्टर त्या मुलापुरता संपला, आणि बहुधा पुढचा डॉक्टरही.

पण पाच भेटींत एक दात मोजायचा तर त्याचे पैसे कुणी द्यायचे? आपल्या दरपत्रकात दात काढण्याचा दर आहे, फिलिंगचा आहे, रूट कॅनालचा आहे. मूल खुर्चीत बसायला शिकलं याचा दर नाही. खासगी दंतवैद्य जागेचं भाडं, मशीनचे हप्ते आणि असिस्टंटचा पगार तासावर काढतो. त्याला या कामातून तोटाच होतो, म्हणून तो नम्रपणे मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी देतो. त्याला वाईट म्हणून प्रश्न सुटत नाही. सरकारी दंत महाविद्यालयात पैशाचा प्रश्न नाही, पण बाहेर रांग आहे आणि खुर्चीवर शिकणारा विद्यार्थी आहे. तो सहा महिन्यांनी दुसऱ्या विभागात जातो आणि मुलाला पुन्हा नवा चेहरा. या मुलांच्या दातांच्या प्रश्नात सर्वांत महाग वस्तू कुठली असेल तर डॉक्टरचा निवांत वेळ, आणि तो कुठल्याही योजनेच्या यादीत नाही.

वेळ नसला की दोन रस्ते उरतात. एक, धरून करणं. आई पाय धरते, असिस्टंट डोकं धरते, बाबा हात. परदेशात यासाठी पट्ट्यांची फळी मिळते, आपल्याकडे चादर असते. पूर्वी रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबण्याची पद्धतही पुस्तकात होती. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या अकादमीनं २००६ साली ती आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. तातडीच्या वेळी, पू झालेला असताना, दोन मिनिटांच्या कामासाठी, पालकांना नीट सांगून धरावं लागतं हे मान्य. पण फिलिंगसाठी चार माणसांनी दाबून ठेवलेलं मूल पुढे न्हाव्याच्या दुकानातही शिरत नाही. रक्त काढू देत नाही. ईईजीला बसत नाही. एका दाढेची किंमत बाकीचं सगळं शरीर भरतं.

दुसरा रस्ता, पूर्ण भूल. नाव ऐकून पालक घाबरतात, पण ज्या मुलाच्या आठ-दहा दाढा गेल्या आहेत आणि जे तोंड उघडत नाही त्याच्यासाठी हाच जास्त माणुसकीचा उपाय असतो. आदल्या आठवड्यात रक्त, छातीचा एक्स-रे, गरज असेल तर हृदयाचा इको. त्या दिवशी सहा तास जेवण नाही, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. ठरलेल्या वेळीच जेवणाऱ्या मुलाला उपाशी ठेवणं हेच त्या दिवसाचं सर्वांत अवघड काम, म्हणून यादीत पहिला नंबर मागून घ्यावा. श्वासाची नळी नाकातून घालतात, तोंड मोकळं राहतं, आणि दोन-तीन तासांत सगळं एकदाच उरकतात. कीड साफ करून भरणं, नसेवरचे उपचार, स्टीलच्या कॅप, वाचणार नाहीत ते दात काढणं, कीटण काढणं, फ्लोराइड. साध्या मुलात जिथे फिलिंगवर भागलं असतं तिथेही डॉक्टर कॅपच बसवतात, कारण पुन्हा भूल द्यायची वेळ येऊ नये.

सुन्न करण्याचं इंजेक्शन दिलं असेल तर घरी आल्यावर दोन-तीन तास ओठांवर लक्ष ठेवायचं. मुलाला तो बधिर ओठ गंमत वाटतो आणि ते चावत राहतं. संध्याकाळी ओठ रक्तबंबाळ बघून आई म्हणते, दात काढताना कापलं असेल.

आणि भूल देऊन तोंड पूर्ण नीट केलं तरी घरातलं सिरप, बिस्किट, रात्रीची दुधाची बाटली तशीच राहिली तर दोन वर्षांत कीड परत येते.

*

या दोन टोकांच्या मध्ये एक स्वस्त औषध आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. चांदीचं संयुग आणि फ्लोराइड यांचं पाण्यासारखं द्रावण. जपानमध्ये ते अर्धशतकापासून वापरात आहे, अमेरिकेत २०१४ साली त्याला वाट मोकळी झाली, आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. किडलेला दात कोरडा करायचा, लहान ब्रशनं एक थेंब लावायचा, मिनिटभर थांबायचं. सुई नाही, ड्रिल नाही. चांदी जंतू मारते, फ्लोराइड दात कडक करतं, बहुतेक वेळा कीड जागीच थांबते. सहा महिन्यांनी पुन्हा लावायचं. जे मूल एक मिनिट बसतं त्याच्यासाठी हे वरदान आहे.

पण किडलेला भाग काळा कुळकुळीत होतो आणि तसाच राहतो. इथे डॉक्टर आणि आई यांच्यात खरी चर्चा व्हायला हवी. मागच्या दाढांना कुणी हरकत घेत नाही. पुढच्या दातांवर अडतं. 'आधीच लोक बघतात, त्यात काळे दात' हे वाक्य मुलीची आई म्हणते तेव्हा तिला अडाणी समजू नये. काळा दात म्हणजे दुर्लक्ष केलेलं मूल, अशी बाहेरच्यांची समजूत असते आणि ती नजर रोज झेलायची तिलाच असते. काही डॉक्टर वरून पांढरं सिमेंट लावून देतात. काही पुढच्या दातांसाठी भूल आणि मागच्यांसाठी हे औषध, अशी वाटणी करतात. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल यांच्या नावानं ओळखली जाणारी आणखी एक रीत आहे: किडलेल्या दुधाच्या दाढेवर काहीही न कोरता स्टीलची कॅप दाबून बसवायची, आत कीड उपाशी मरते. सुरुवातीला दंतवैद्यांना हा आळशीपणा वाटला होता. आकडे बघितल्यावर मत बदललं.

*

दवाखान्यात वर्षाकाठी चार तास जातात. बाकी सगळं घरी. आणि घरी न्हाणीघरातल्या बेसिनपुढे उभं राहून ब्रश करायचा ही सक्ती कुणी केली कळत नाही. लहान जागा, पाण्याचा आवाज, आरशात हलणारं तोंड. सतरंजीवर बसून मुलाचं डोकं मांडीवर घेतलं, आपण मागून वाकलो, की आतलं सगळं दिसतं आणि डोक्याला आधारही मिळतो. अगदी लहान मूल असेल तर दोघांनी समोरासमोर बसून गुडघ्याला गुडघा लावायचा. पाय आईकडे, डोकं बाबांच्या मांडीत. टूथपेस्ट 'तिखट' लागते अशी तक्रार असते ती पुदिन्याची, फेसानं मळमळतं. म्हणून सुरुवातीला नुसत्या ओल्या ब्रशनं चालेल, मग तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे वाटाण्याएवढी पेस्ट. ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण वाचावं. आपल्याकडे कमाल मर्यादा १००० पीपीएमची आहे आणि मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत ट्यूबांमध्ये ते पुष्कळदा याच्या निम्मंही नसतं. ब्रशची दांडी हातात धरता येत नसेल तर सायकलच्या मुठीचं रबर किंवा मधोमध भोक पाडलेला चेंडू तिच्यावर चढवतात. तीन बाजूंनी केस असलेला ब्रश मिळतो, तो एकाच फेरीत दाताला आतून, बाहेरून आणि वरून घासतो.

इथे विशेष शाळांचा विषय निघतो, आणि मला वाटतं खरी किल्ली तिथे आहे. विशेष शिक्षिकेला एक विद्या येते जी दंतवैद्याला कुणी शिकवलेली नसते: कामाचे तुकडे पाडणं. दात घासणं हे तिच्या लेखी एक काम नसतं, पंधरा-वीस कामं असतात. ब्रश उचलणं, टोपण फिरवणं, ट्यूब दाबणं, उजवीकडे खाली घासणं. आणि ती शिकवताना अनेकदा शेवटापासून सुरुवात करते. आधीचं सगळं ताई करणार, मुलानं फक्त ब्रश धुऊन पेल्यात ठेवायचा. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी. म्हणजे पहिल्या दिवसापासून काम संपवण्याचा मान मुलाचा. दंतवैद्याला कुठली दाढ कशी घासावी हे कळतं, शिक्षिकेला ती मुलाकडून कशी घासून घ्यावी हे कळतं. मात्र दोघांची भेट होते ती वर्षातून एकदा शिबिराच्या दिवशी. त्या दिवशी बॅनर लागतो, दोनशे मुलांची तोंडं दोन तासांत टॉर्चनं बघितली जातात, मोफत ब्रश वाटले जातात, फोटो निघतात. कागदावर 'उपचाराची गरज' असा शिक्का असलेल्या मुलांपैकी किती जण पुढे खुर्चीपर्यंत पोचले, हे विचारायला कुणी परत येत नाही. त्यापेक्षा एकाच दंतवैद्यानं महिन्यातून एकदा शाळेत येऊन बसावं, डबा खाल्ल्यावर शाळेच्या नळावर होणारा ब्रश बघावा, पांढरा कोट रोजचा होऊ द्यावा. फ्लोराइड वार्निश लावायला खुर्ची लागत नाही. ते दातावर लावलं की लाळेनंच घट्ट होतं, बेंचवर बसूनही होतं.

*

कायदा आपल्या बाजूनं आहे. २०१६च्या कायद्याचं पंचविसावं कलम सांगतं की सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांत अडथळ्यावाचून जाता आलं पाहिजे आणि दिव्यांगांना उपचारात प्राधान्य मिळालं पाहिजे. आता आपल्या गावातली दंतचिकित्सालयं आठवा. पहिला मजला, अरुंद जिना, वळणावर चपलांचा ढीग. नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्यविमा योजना आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, हप्ता नाममात्र, आणि तिच्यात दातांच्या प्रतिबंधक उपचारांसाठीही थोडी रक्कम आहे. ज्यांनी ती घेतली आहे त्यांनाही हा शेवटचा भाग बहुधा माहीत नसतो. आधी खर्च, मग बिलं, मग वाट पाहणं, असा तिचा व्यवहार आहे, तरी घ्यावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरहून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तीस प्रकारच्या दोषांची तपासणी. त्यात डाउन सिंड्रोम, दुभंगलेला ओठ-टाळू आणि दातांची कीड तिन्ही आहेत. पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. शोधण्याचं काम बऱ्यापैकी होतं. अडतं ते पुढे. भूल देऊन दात करायचे तर बालदंतवैद्य, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृहाची रिकामी वेळ एकाच दिवशी जुळावी लागते. मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय १९३३ पासूनचं, शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ, बाकी सरकारी मोठी ठिकाणं नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. गडचिरोलीच्या मुलाला नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर. सावंतवाडी-कुडाळच्या पालकांना मुंबईपेक्षा गोव्यातलं बांबोळीचं दंत महाविद्यालय सोयीचं, आणि ते तिकडेच जातात. देशात तीनशेच्या वर दंत महाविद्यालयं आहेत, दंतवैद्यांचा तुटवडा शहरात तरी नाही. आपल्याकडे दंतवैद्यकात पदव्युत्तर शिक्षणाच्या नऊ शाखा आहेत. त्यात विशेष गरजा असलेल्या रुग्णांसाठी वेगळी शाखा नाही. हा विषय बालदंतवैद्यकातलं एक प्रकरण म्हणून शिकवला जातो. ब्रिटननं २००८ साली ती स्वतंत्र शाखा केली.

प्रकरण बालदंतवैद्यकात असल्यानं एक विचित्र पेच तयार होतो. मूल अठराचं झालं की कार्यक्रम संपतो, बालविभागही तांत्रिकदृष्ट्या संपतो, पण मूल मात्र तेच असतं. मोठ्यांच्या विभागात त्याला कुणी घेत नाही. म्हणून दाढी आलेला सव्वीस वर्षांचा मुलगा जिराफाची चित्रं असलेल्या भिंतीखाली, चार वर्षांच्या पोरांमध्ये बसलेला दिसतो. डॉक्टर बिचारे बघतात, कारण त्यांनाही माहीत असतं की दुसरीकडे पाठवलं तर हा परत येणारच. याच वयात डाउन सिंड्रोमच्या हिरड्यांचा आजार जोर धरतो. पूर्वी ही मुलं फार जगत नसत. आता चांगल्या उपचारांनी साठीपर्यंत जगतात. म्हणजे चाळीस वर्षं कुणीतरी ब्रश करायचा आहे.

तोवर आई सत्तरीला आलेली असते. तिचं मनगट दुखतं, तिच्याच्यानं खाली बसवत नाही. हे काम भावाच्या बायकोकडे, पगारी मदतनिसाकडे किंवा निवासी संस्थेतल्या मावशींकडे जाणार, हे ठाऊक असूनही ते आधी कुणी शिकवून ठेवत नाही. संस्थेत प्रवेश घेताना आधार कार्ड, यूडीआयडी कार्ड, औषधांची यादी मागतात. दातांचा कागद सहसा मागत नाहीत. पालकांनी तो स्वतःहून फाइलला लावावा. कुठल्या दाढा काढल्या, कुठे कॅप आहे, भूल कधी दिली होती आणि ती कशी सोसली, हृदयरोगतज्ज्ञांनी अँटिबायोटिक सांगितलंय की नाही, कुठली पेस्ट चालते, कुठल्या बाजूनं सुरुवात केली की तोंड उघडतं, आणि किती अंक मोजेपर्यंत तो थांबतो.